काम केलंस भावा, पण दाखवलंस कुठं?

दोन वर्षांमागची गोष्ट. मी एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर बघतो, भोगावती काठचं गाव, साडेचारशेच्या आसपास सभासद रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. दर दहा दिवसांनी बिल निघायचं आणि ते निघायला पाऊण तास लागायचा, म्हणजे सचिव अण्णा बटण दाबून चहाला जायचे, येऊन बघायचे तर चक्र अजून फिरतंयच. मी आठ दिवस बसून ते खोदलं. कोड काय करत होता, तर एक सभासद आणायचा, मग त्याच्या दहा दिवसांच्या वीस नोंदी एकेक करून आणायचा, आणि त्या प्रत्येक नोंदीला फॅट-एसएनएफचा (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक) दर बघायला परत डेटाबेसकडं पळायचा. एन प्लस वन म्हणतात तो प्रकार, वर आणि इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन सापडायची सूची, ती पण नाही. मी नोंदी एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला एकदाच विचारून, आणल्या, दरपत्रक मेमरीत ठेवलं, इंडेक्स टाकला, पाऊण तासाचं काम चाळीस सेकंदात. आणि मग मी काय केलं? कमिट मेसेज (कोड जमा करताना लिहायची टीप) लिहिला 'बिल फिक्स' आणि घरी जाऊन जेवलो.

त्याच आठवड्यात आमच्या टीममधल्या एका पोरानं डॅशबोर्डवर गोल आलेख टाकला, गाईचं दूध निळं, म्हशीचं हिरवं. शुक्रवारच्या मीटिंगला त्यानं तो स्क्रीनवर दाखवला, टाळ्या पडल्या. मला विचारलं तुझं काय चाललंय, मी म्हटलं, "विशेष काही नाही, थोडं ऑप्टिमायझेशन." पुढं अप्रेझलला समोरनं विचारणा झाली की या तीन महिन्यांत तू नेमकं काय केलंस, आम्हाला तर काही आठवेना. लई राग आला. दोन दिवस मनातल्या मनात त्या आलेखाला शिव्या घातल्या, मग डोकं थंड झाल्यावर लक्षात आलं की त्या पोराची काहीच चूक नाही, त्यानं केलेलं काम दाखवलं, मी केलेलं काम गिळलं.

आपल्याकडं लहानपणापासनं डोक्यात बसवलेलं असतं की आपली आपण स्तुती करू नये, काम बोलतं. काम बोलत नाही हो. चप्पल बोलते, पायात दिसते, कर्रकर्र वाजते. पूल बांधला तर त्याच्यावरनं गाड्या जातात. आपल्या धंद्यात चांगलं काम म्हणजे जे बंद पडत नाही, आणि जे बंद पडत नाही त्याच्याकडं बघतंय कोण? सर्व्हर पडला की अख्खं ऑफिस खुर्चीमागं येऊन उभं राहतं, आणि वर्षभर पडला नाही तर हा पोरगा दिवसभर नक्की करतो काय, असं.

आता दाखवा म्हटलं की काहीजणांना वाटतं मिरवायला सांगतोय. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एकदा तरी कुस्ती बघितलेल्याला कळतं की शड्डू ठोकणं वेगळं आणि डाव टाकणं वेगळं. मी डावाबद्दल बोलतोय. हे अडत होतं, ते असं सोडवलं, हा बघा आकडा, आणि एवढं अजून राहिलंय. यात बढाई कुठाय?

आणि खरं सांगू का, टाळ्या नि अप्रेझल हे दुय्यम आहे, दाखवायचा सगळ्यात मोठा फायदा दाखवायच्या आदल्या रात्री होतो. पुढं जेव्हा अण्णांना बिलाचा डेमो द्यायचा ठरला तेव्हा मी खोटा डेटा भरत बसलो होतो, आणि सहज म्हणून एक घर असं घेतलं की ज्याची गाय पण आहे आणि म्हैस पण. टोटल एक रुपयानं चुकलं. गाईच्या रकमेचं राउंडिंग वेगळं, म्हशीचं वेगळं, आणि बेरजेनंतर परत एकदा राउंडिंग, असा घोळ. टेस्ट सगळ्या पास होत्या बरं का, कारण त्या मीच लिहिलेल्या, माझ्याच डोक्यातनं. एक रुपया म्हणजे काय एवढं, असं ज्याला वाटतं त्यानं दूध संस्थेच्या वार्षिक सभेला एकदा जाऊन बसावं. तर आपण जे दुसऱ्याला दाखवणार असतो ते आपण पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो, आणि तिथंच अर्धे बग सापडतात.

बरं, करायचं कसं.

पहिलं म्हणजे वही. खरी वही नको, साधी टेक्स्ट फाइल चालते. शुक्रवारी निघायच्या आधी दहा मिनिटं बसायचं आणि लिहायचं की या आठवड्यात काय अडलं होतं, मी काय केलं, आधी किती आणि नंतर किती, आणि सोबत एक स्क्रीनशॉट. यातला 'आधी किती' हा आकडा काम सुरू करायच्या आधी घ्यायचा, हे दोनदा वाचा. मी घेतला नव्हता. मग पुढं पुरावा पाहिजे म्हणून जुना कोड चेकआउट करून, जुना बॅकअप चढवून, तो पाऊण तासाचा संथ प्रकार मुद्दाम परत चालवत बसलो, स्टॉपवॉच लावून. दुसऱ्यांदा असलं काम कुणी करू नये. कमिट मेसेज पण यातलाच भाग आहे, 'बिल फिक्स' लिहिण्यापेक्षा 'दहा दिवसांच्या बिलात प्रत्येक नोंदीला दरपत्रकाची क्वेरी जात होती, ती काढली' असं लिहिलं असतं तर सहा महिन्यांनी मलाच कळलं असतं मी काय केलंय ते.

लेखी असण्याची ताकद कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नको. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या, नाव ना गाव. इथं बोंब उठली, आणि मग कंपनीला त्यामागं भारतीय कारागिरांची परंपरा आहे हे मान्य करावं लागलं. त्या भांडणात आपल्या बाजूला एक कागद होता, २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन), महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. नुसतं 'आमचे आजोबा पण हेच करायचे' म्हणून भागलं नसतं. तर तुमच्या फाइलमध्ये तारखेसकट लिहिलेलं असू दे, कुणाशी भांडायचं नसलं तरी.

दुसरं, डेमो. पाच मिनिटांचा करा, जास्त नको. आणि क्रम चुकवू नका, कारण सगळे डेव्हलपर इथंच माती खातात, मी पण खाल्ली आहे. आपण सुरुवात करतो आर्किटेक्चरच्या चौकोनांपासनं, मग फोल्डर स्ट्रक्चर, मग लॉगिन स्क्रीन, पासवर्ड चुकला, परत टाकला, आणि मूळ गोष्ट येईपर्यंत समोरचा मोबाइल बघायला लागलेला असतो. चप्पल लाईनला जाऊन दुकानदार कसा माल दाखवतो ते बघा. तो तुम्हाला चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कसं कमावतात हे आधी सांगत नाही. चप्पल हातात देतो, वाकवून दाखवतो, उलटी करून खालची शिलाई दाखवतो, आणि म्हणतो घाला, दोन पावलं चालून बघा. आवडली आणि तुम्ही विचारलंत तर मग चामड्याचा विषय. तसंच करायचं. पहिल्या तीस सेकंदांत कुणाला काय त्रास होता ते सांगा, लगेच चालू वस्तू दाखवा, आणि आत काय केलंय ते शेवटी, तेही कुणी विचारलं तर सविस्तर.

लॉगिन करूनच ठेवा. डेटा भरून ठेवा आणि तो खरा वाटेल असा भरा, 'टेस्ट टेस्ट' आणि 'एएसडीएफ' अशी सभासदांची नावं बघून समोरच्याला ते कधीच आपलं वाटत नाही, म्हशीचं फॅट साडेसहा आणि गाईचं पावणेचार असं टाका, म्हणजे दुधातला माणूस लगेच मान डोलावतो. (एकदा मी घाईत गाईला फॅट अकरा टाकलं होतं, पुढची दहा मिनिटं सगळे त्या गाईबद्दलच बोलत होते, सॉफ्टवेअर बाजूला राहिलं.) ब्राउझर दीडशे टक्के झूम करा, टर्मिनलचा फॉन्ट तुम्हाला लाज वाटेल एवढा मोठा करा, आणि डार्क थीम कितीही लाडकी असली तरी जुन्या प्रोजेक्टरवर ती काळी पाटी दिसते, तेवढ्यापुरती लाइट करा. नोटिफिकेशन बंद. व्हॉट्सॲप वेब बंद. आमच्या एका मित्राच्या डेमोत बायकोचा मेसेज वर आला, 'येताना अर्धा किलो कांदे आणि जरा लवकर', अख्ख्या क्लायंटनं वाचला, तो आजपण कांदेवाला म्हणून ओळखला जातो तिथं.

ज्यांचं काम स्क्रीनवर दिसतच नाही त्यांचं काय, बॅकएंडवाले, डेटाबेसवाले, सर्व्हर सांभाळणारे. माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडायच्या, डावीकडं जुनं, उजवीकडं नवं, दोन्हीकडं एकदम एंटर मारायचं आणि गप्प बसायचं. उजवीकडचं संपतं, डावीकडचं चालूच असतं, आणि खोलीत जी शांतता पसरते ती कुठल्या गोल आलेखाला मिळत नाही. फक्त पाऊण तास कुणी थांबणार नाही तेव्हा वीसच सभासदांचा डेटा घ्या, आणि वीसचाच आहे हे सांगा, लपवू नका. डेव्हलपरच समोर असतील तर क्वेरीचा एक्स्प्लेन, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवतो ते, दाखवा, आधी अख्खं टेबल स्कॅन व्हायचं, आता इंडेक्सवरनं जातंय. सिक्युरिटीचं काम असेल तर आधी भोक कसं होतं ते टेस्ट सर्व्हरवर दाखवा, मग बंद केल्यावर काय एरर येते ते. एरर दाखवून टाळ्या घ्यायची एवढी एकच संधी असते या धंद्यात.

डेमो फसतो, हे धरूनच चला. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स स्टेजवर असताना त्यांच्या सहकाऱ्यानं विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला आणि सगळ्यांसमोर निळा पडदा आला. गेट्स हसले आणि म्हणाले, म्हणूनच तर आम्ही हे अजून बाजारात आणलेलं नाही. दोन महिन्यांनी विंडोज ९८ बाजारात आलं आणि खपलं पण. म्हणजे फसल्यानं कुणी मरत नाही, पण त्यांच्यासारखं हसता येण्यासाठी मागं काहीतरी पाहिजे, आणि ते म्हणजे रेकॉर्डिंग. आदल्या दिवशी अख्खा डेमो ओबीएस स्टुडिओवर रेकॉर्ड करा, फुकट आहे, आणि ती फाइल लॅपटॉपवर पण ठेवा, मोबाइलवर पण. माझ्या बाबतीत झालं असं की संस्थेत पोचलो, प्रोजेक्टर लावला, आणि लाईट गेली. राउटर गेला, प्रोजेक्टर गेला, मोबाइलला रेंजची एक काडी. शेवटी अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्या मोबाइलवर चार मिनिटांचा व्हिडिओ बघितला, संचालक मंडळातले तिघं त्यांच्या खांद्यावरनं वाकून.

भाषेचं पण तिथंच शिकलो. व्हिडिओत मी इंग्रजाळलेलं काहीतरी बडबडलो होतो, क्वेरी, कॅशिंग, परफॉर्मन्स. अण्णा म्हणाले, "ते र्‍हाऊ दे, केलंस काय ते सांग की." मग मी म्हटलं, "अण्णा, समजा तुमची दूध घेणारी पोरगी प्रत्येक पावतीला दर बघायला उठून कपाटापर्यंत जायची, दरपत्रक काढायची, बघायची, परत कपाटात ठेवून यायची. आता मी दरपत्रक तिच्या टेबलावर ठेवलंय." अण्णांनी क्षणभर बघितलं आणि विचारलं, "मग आधीच का न्हाई ठेवलं?" याला माझ्याकडं आजपण उत्तर नाही. पण समजलं त्यांना, पूर्ण समजलं, आणि पुढच्या सभेत त्यांनीच ते कपाटाचं उदाहरण देऊन सभासदांना सांगितलं. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला सांगताना कास्टिंगच्या रिजेक्शनच्या भाषेत सांगा, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला मीटर आणि ताग्यांच्या. पुण्या-बेंगळुरूच्या कॉलवर इंग्रजी लागतं, मान्य, पण मराठीत एकदा नीट सांगता आलं की इंग्रजीत सोपं जातं, उलटं होत नाही, निदान माझं तरी नाही झालं.

आता गिटहब, म्हणजे कोड ठेवायची आणि दाखवायची वेबसाइट. नोकरी शोधणारी पोरं मला प्रोफाइल पाठवतात, त्यात वीस रिपॉझिटरी (एकेका प्रोजेक्टचा फोल्डर), त्यातल्या अठरा ट्युटोरियल बघून केलेल्या, आणि एकातपण रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख सांगणारी फाइल, नाही. भावा, वीस नको, दोन ठेव. रीडमीत सगळ्यात वर एका वाक्यात हे काय आहे, त्याखाली एक स्क्रीनशॉट किंवा छोटं ॲनिमेशन, मग चालवायचं कसं, आणि शेवटी काय चालत नाही ते. हे शेवटचं कुणी लिहीत नाही आणि मी इंटरव्ह्यूला बसलो की पहिलं तेच शोधतो, कारण आपल्या कामातली उणीव ज्याला माहिती आहे त्यानं ते काम खरंच स्वतः केलेलं असतं. वेबसाइट असेल तर गिटहब पेजेसवर फुकट चढते, लिंक दाबली की उघडली पाहिजे, डाउनलोड करून कुणीही चालवून बघत नाही.

अजून पूर्ण झालं नाही, झाल्यावर दाखवतो, हे कारण पण ऐकून घेतो मी. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या एका विद्यार्थ्यानं २५ ऑगस्ट १९९१ ला मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना संदेश टाकला की मी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, छंद म्हणून, मोठं-बिठं काही होणार नाही, तुम्हाला मिनिक्समध्ये काय आवडतं काय नाही ते सांगा. अर्धवट होतं तेव्हा सांगितलं म्हणून लोक येऊन मिळाले, आणि आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत तोच लिनक्स कर्नल आहे. पूर्ण झाल्यावर दाखवू म्हटलं असतं तर... असो.

एक गोष्ट मात्र कडक. क्लायंटचं काम परवानगीशिवाय बाहेर दाखवायचं नाही, करार वाचा, नसेल कळत तर सरळ विचारा. सभासदांची खरी नावं, मोबाइल नंबर, बँक खाती डेमोत नकोत, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी कुणाच्या घरी किती दुधाचे पैसे जातात हे चार लोकांत दाखवायची गोष्ट नाही. आणि पासवर्ड किंवा एपीआय की (प्रोग्रामला दुसऱ्या सेवेत शिरायची किल्ली) चुकून गिटहबवर गेली तर नुसती पुढच्या कमिटमध्ये डिलीट करून उपयोग नाही, ती जुन्या हिस्टरीत तशीच बसलेली असते, आधी ती की रद्द करून नवी काढा, साफसफाई नंतर.

सुरुवात कुठं करायची? मोठ्या स्टेजची स्वप्नं नंतर. आधी शेजारच्या खुर्चीवरच्याला दाखवा, मग टीमच्या शुक्रवारच्या मीटिंगला, मग आपल्या जुन्या कॉलेजात ज्युनियर पोरांना, तिथं प्रश्न जरा वेडेवाकडे येतात आणि तेच उपयोगी असतात. पायकॉन इंडिया (पायथॉन भाषावाल्यांची परिषद) २००९ पासनं होतंय, तिथं आणि बऱ्याच मीटअपमध्ये लाइटनिंग टॉक असतात, पाचच मिनिटांचे, नवख्याला बरे. बोलायचीच भीती वाटत असेल तर नुसता व्हिडिओ पाठवा, तोही दाखवण्यातच जमा.

प्रश्न आले की वाद घालू नका, लिहून घ्या. येत नसेल तर "माहीत नाही, बघून सांगतो" म्हणा आणि खरंच बघून सांगा, त्याच दिवशी. ज्यांनी मदत केली त्यांची नावं घ्या, त्या इंडेक्सची आयडिया माझी नव्हती, आमच्या टेस्टिंगवाल्या ताईंची होती, त्यांनीच बिल कुठल्या सभासदावर अडतंय ते शोधून दिलं होतं, आणि डेमोत मी हे सांगायला विसरलो तर नंतर दोन दिवस चहाला बोलावलं नाही त्यांनी. बरोबरच आहे.

अण्णांनी व्हिडिओ बघून काय सांगितलं ते राहिलंच. चाळीस सेकंदांचं कौतुक एका वाक्यात संपलं. मग म्हणाले, "हे सगळं ठीक हाय पोरा, पण खाली गाईचं आन म्हशीचं येगळं येगळं टोटल दिसलं पायजे, आन अक्षरं मोठी कर." म्हणजे ज्या गोल आलेखाला मी शिव्या घालत होतो, अण्णांना पाहिजे होतं नेमकं तेच, फक्त आकड्यांत. अक्षरं त्याच संध्याकाळी मोठी केली. टोटलचं मात्र मागं पडत गेलं, ते आता या बिलाला बसवतोय, आधीचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.